घाटी, सेर्रानो आणि माणूस

करमाडच्या बसथांब्यावर कुणी सांगितलं, ‘आबांना घाटीत नेलंय,’ की ऐकणारा लगेच विचारतो, ‘काय झालं?’ कोणता घाट, कुठला डोंगर, असा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांत घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. पाटीवरचं नाव लांब आहे, पण जालन्याहून, बीडहून, बुलढाण्याहून येणाऱ्या माणसाच्या तोंडी ते नसतं. तो घाटीत येतो, घाटीत ‘ॲडमिट’ होतो आणि बरा झाला की घाटीतून सुट्टी घेऊन घरी जातो. मराठवाड्यातल्या कितीतरी लेकरांचा जन्म घाटीतला.

हाच शब्द मुंबईत तोंडातून काढला तर समोरच्याची मूठ वळू शकते. मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत, बाजारात ओझी वाहायला सह्याद्री उतरून जी माणसं गेली, त्यांना किनाऱ्यावरच्यांनी घाटी म्हटलं. मूळ अर्थ साधा: घाटावरचा तो घाटी. पण तो म्हणणाऱ्याच्या सुरात अडाणी, राकट, शिष्टाचार नसलेला असे सगळे अर्थ येऊन बसले. गोव्यात त्याचं ‘घांटी’ झालं आणि तिथेही धार तशीच राहिली.

पेरूची राजधानी लिमा ही मुंबईसारखीच समुद्राकाठची. अँडीज उतरून तिथे पोट भरायला आलेल्या माणसाला लिमेकर ‘सेर्रानो’ म्हणतात. सिएर्रा म्हणजे डोंगररांग, सेर्रानो म्हणजे डोंगररांगेतला. कोशात या शब्दाला काही वाईट अर्थ नाही, पण लिमेच्या रस्त्यावर तो ज्याला ऐकावा लागतो त्याला घाटीइतकाच झोंबतो. एकमेकींची गंधवार्ता नसलेल्या दोन बंदरांनी एकाच पद्धतीने एकच शिवी घडवली. या सेर्रानोंपैकी लाखोंची मातृभाषा क्वेचुआ. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. बोलिव्हिया आणि एक्वादोर धरले तर आकडा बराच वर जातो.

त्यांची नावं आणि आपली नावं शेजारी शेजारी ठेवून बघावीत असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे. डोंगरातल्या माणसाला मिळालेली बहुतेक नावं खालून, सपाटीवरून आलेली असतात. त्याने स्वतःला दिलेलं नाव वेगळंच असतं, आणि ते फार कमी जणांनी विचारलेलं असतं.

आधी घाट बघू. संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे नदीवर उतरायची जागा, पायऱ्या. पैठणला गोदावरीचे घाट आहेत ते याच अर्थाने. मराठीने या शब्दाला पाण्यावरून डोंगरावर नेलं. जिथून उतरता येतं तो घाट, मग उतार पाण्याकडचा असो की कोकणाकडचा. बोरघाट, थळघाट, नाणेघाट या सगळ्या वाटा आहेत. डोंगराचं नाव सह्याद्री. घाट हे त्यातल्या वाटेचं नाव. गलबतांतून आलेल्या युरोपियनांनी किनाऱ्यावरून डोंगराची भिंत पाहिली, लोक ‘घाट’ ‘घाट’ म्हणताना ऐकलं आणि सगळ्या रांगेलाच घाट म्हणून टाकलं. पुढे त्यांच्या नकाशावरचं नाव भाषांतरित होऊन आपल्याकडे परत आलं आणि शाळेच्या पुस्तकात ‘पश्चिम घाट’ छापलं गेलं. युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशात नोंदवलं तेही याच नावाने. ज्याला आपण वाट म्हणत होतो त्याचा आपल्याच भाषेत पर्वत झाला, आणि तो बाहेरून फिरून आल्यामुळे झाला.

मराठवाड्यातून खानदेशात उतरणारा, कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट तर नावानेच परका आहे. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ नंतर खानदेशातल्या भिल्लांची पलटण उभी केली. ज्या डोंगरात भिल्लांच्या पिढ्या गेल्या त्या डोंगरातल्या वाटेला त्यांना कवायत शिकवणाऱ्याचं नाव मिळालं. आणि ‘भिल्ल’ हा शब्दही बहुतेक भाषाभ्यासक द्राविडी ‘विल्’, ‘बिल्’ म्हणजे धनुष्य याच्याशी जोडतात. समोरच्याच्या हातात काय दिसलं, त्यावरून पडलेलं नाव.

घाटाच्या वरचा आणि खालचा हा भेद आपल्याकडे इतका मुरलेला आहे की फारसीतही तो तसाच उतरला. फारसी ‘बाला’ म्हणजे वर, ‘पायीन’ म्हणजे खाली. वऱ्हाडचे दोन भाग मोगलांच्या आणि निजामाच्या दफ्तरांत बालाघाट आणि पायीनघाट असे लिहिले जात: अजिंठ्याच्या डोंगराच्या वरचं पठार तो बालाघाट, पूर्णेचं खोरं तो पायीनघाट. पायीनघाट हे नाव विस्मृतीत गेलं. बालाघाट मात्र बीड, धाराशिव, लातूरकडच्या डोंगररांगेला चिकटून राहिला, आणि त्यात ‘वर’ हा अर्थ आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. फारसी बाजूला सारून साध्या मराठीत तीच विभागणी ऐकायची असेल तर बुलढाणा जिल्ह्यात जावं. तिथे निवडणुकीच्या गप्पांतसुद्धा ‘घाटावरचे तालुके’ आणि ‘घाटाखालचे तालुके’ असंच बोलतात. चिखली घाटावर, मलकापूर घाटाखाली. सोयरीक जुळवतानाही हा हिशेब निघतो.

‘देश’ हा शब्दही असाच. संस्कृतात तो कोणताही प्रदेश. मराठीत कोकणातून वर बघणाऱ्याला ‘देश’ म्हणजे घाटमाथ्याच्या पलीकडचं पठार. ‘देशावर गेला’ म्हणजे घाट चढून गेला. आणि ‘मावळ’? शिवाजी महाराजांमुळे मावळे हा शब्द उच्चारला की आपल्याला निष्ठा आणि शौर्य आठवतं, पण मुळात तो दिशेचा शब्द आहे. सूर्य मावळतो ती मावळत, उगवतो ती उगवत. आमच्याकडे शेताचे बांध सांगताना अजून ‘मावळतीकडचा’ असंच म्हणतात. पुण्यातून पाहिलं तर मावळतीकडे सह्याद्रीची जी खोरी दिसतात ती मावळं: आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. तिथले राहणारे मावळे. थोडक्यात ‘पश्चिमेकडचे’. हे नावसुद्धा पूर्वेला, सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाने दिलेलं. पण मावळ्यांनी ते स्वीकारलं आणि त्याला घाटीची गत होऊ दिली नाही. सतराव्या शतकात त्या नावाने जे घडवलं त्याने शब्दाचं पारडंच फिरलं.

अँडीजचीही कथा दिशेचीच आहे. इंका राज्याचे चार भाग होते. त्यांतला कुस्कोच्या पूर्वेकडचा, जंगलाकडे उतरणारा भाग म्हणजे आंतिसुयु. ‘आंति’वरून स्पॅनिश लोकांनी ‘आंदेस’ केलं आणि ते सगळ्या पर्वताला लावलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपला मावळ मावळतीकडचा आणि त्यांचा अँडीज उगवतीकडचा.

आता क्वेचुआ. हे भाषेचं नाव म्हणून आपण ऐकतो, पण भाषा हा त्याचा पहिला अर्थ नाही. कुस्कोकडे त्याचा उच्चार ‘खेश्वा’ असा काहीसा होतो आणि त्याचा अर्थ आहे समशीतोष्ण खोरं: फार उकाडा नाही, फार गारठाही नाही, मका चांगला येतो अशी जमीन. गोन्सालेस ओल्गिन या धर्मोपदेशकाने १६०८ साली लिमात छापलेल्या कोशातही या शब्दापुढे समशीतोष्ण जमीन हाच अर्थ आहे. अशा खोऱ्यांत राहणाऱ्यांना ते नाव पडलं, मग त्यांच्या बोलीला, मग त्या बोलीसारख्या सगळ्या बोलींना. दोमिंगो दे सांतो तोमास यांनी १५६० साली स्पेनमधल्या वाल्यादोलिद इथे या भाषेचं पहिलं व्याकरण छापलं, तेव्हा भाषेचं नाव म्हणून तो शब्द कागदावर पक्का झाला. आपल्या मावळ्यांच्या बोलीला कुणी ‘मावळ’ हेच नाव देऊन पुढे सगळ्या मराठीला मावळ म्हणायला लागलं असतं, तर जे झालं असतं ते तिथे झालं.

जमिनीची ही शब्दसंपत्ती पेरूच्या भूगोलाने पुढे सन्मानाने वापरली. हाविएर पुल्गार विदाल या भूगोलतज्ज्ञाने १९४१ साली पेरूचे आठ नैसर्गिक प्रदेश मांडले. किनारा, डोंगर, जंगल ही स्पॅनिश तीनवाटणी त्याने बाजूला ठेवली आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे जुने शब्द उचलले. समुद्रकाठ तो चाला. ५०० ते २,३०० मीटरपर्यंतची उष्ण दरी ती युंगा. तिथून ३,५०० मीटरपर्यंत क्वेचुआ. मग ४,००० पर्यंत सुनी, जिथे मका थांबतो आणि कंदपिकं सुरू होतात. त्यावर पुना, गवताची गार माळरानं, लामा आणि अल्पाका यांची चरणं. त्याहून वर हांका, बर्फ. पूर्वेच्या जंगलाकडचे दोन प्रदेश वेगळे. एका शब्दात उंची, हवा, पीक आणि जनावर सगळं येतं. आपल्याकडे उंचीचा एवढा मोठा पल्ला नाही; संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडंच वर आहे. पण पोत ओळखायला आपलेही शब्द कमी नाहीत. गोदाकाठची ती गंगथडी, कारण आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. भीमेकाठची भीमथडी, जिथली तट्टं मराठी फौजांत नावाजलेली. मग भारी काळी, हलकी बरड, क्षार वर आलेली चोपण, मुरमाड, माळ. करमाडच्या शेतकऱ्याला जमीन दाखवायला नेलं तर तो मूठभर माती हातात घेतो, बोटांत चुरतो आणि यांतला एकच शब्द बोलतो. भाव त्या शब्दावर ठरतो.

‘मुरमाड’ म्हटलं की साहजिकच ‘करमाड’ आठवतं, आणि इथे शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला मोह होतो. रेल्वेच्या एकाच मार्गावर मनमाडही आहे आणि करमाडही. मुरूम ज्यात आहे ती मुरमाड जमीन, हे एक साम्य. कानडीत ‘माड’ म्हणजे मजल्याचं घर, त्यावरून आपली माडी, हे दुसरं. बस्तरच्या अबुझमाडात ‘माड’ म्हणजे डोंगराळ मुलूख असं सांगतात, हे तिसरं. कोकणातला नारळाचा माड चौथा, पण तो या कोरड्या पठारावर कुणी आणणार नाही अशी आशा आहे. चारही ठिकाणी कानाला एकच आवाज येतो. जुने ताम्रपट, शिलालेख, दफ्तरं यांतली नावाची आधीची रूपं हाती असल्याशिवाय यांतलं एकही साम्य व्युत्पत्ती ठरत नाही.

हाच मोह खुद्द क्वेचुआ या नावाभोवतीही आहे. कुस्को भागात कानास नावाचा एक उंचावरचा, क्वेचुआ बोलणारा प्रांत आहे. तिथे आपुरिमाक नदीवर गवताच्या दोरांचा झुलता पूल आहे, केस्वाचाका. लांबी सुमारे २८ मीटर. दरवर्षी जून महिन्यात काठच्या चार वस्त्यांचे लोक एकत्र येतात. बायका इचू नावाच्या डोंगरी गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्यांची वेणी घालून जाड दोर करतात, जुना पूल नदीत सोडून देतात आणि तीनचार दिवसांत नवा बांधतात. युनेस्कोने २०१३ साली या विद्येची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. केस्वा म्हणजे वळलेला गवताचा दोर, चाका म्हणजे पूल. आणि खेश्वा म्हणजे खोरं. परक्या कानाला दोन्ही सारखेच वाटले, आणि क्वेचुआ म्हणजे ‘गवत वळणारे’ अशी व्युत्पत्ती पुस्तकांत शिरली. मराठी कान मात्र इथे फसू नये. खोऱ्याच्या शब्दात महाप्राण आहे, आपल्या ख सारखा. दोराच्या शब्दात क आहे, घशातून झटका देऊन काढलेला. ‘काट’ आणि ‘खाट’ यांत जेवढा फरक, तेवढाच त्यांच्यात. युरोपियन लिपीत क आणि ख यांना वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून गोंधळ कागदावर झाला. बोलणाऱ्याच्या तोंडी तो कधीच नव्हता.

क्वेचुआने या असल्या व्युत्पत्त्यांवर एक उपायही ठेवला आहे. त्या भाषेत काही सांगताना आपण ते स्वतः जाणतो की ऐकून सांगतो आहोत, हे दाखवणारा प्रत्यय लावायची रीत आहे. स्वतः पाहिलं तर ‘मि’, ऐकीव असेल तर ‘सि’. ‘पाऊस पडतोय’ या वाक्याला मि लागला तर बोलणारा अंगणात भिजतो आहे. सि लागला तर कुणीतरी त्याला सांगितलं आहे. मराठीत हे काम ‘म्हणे’ करतं. ‘तिकडे गारपीट झाली म्हणे.’ आजी गोष्ट सांगायची तेव्हा राजाही ‘होता म्हणे’ आणि राक्षसही ‘होता म्हणे’. गावांच्या नावांवर लिहिलेल्या निम्म्या पुस्तकांना हा एक शब्द जोडला असता तर मराठीचं फार भलं झालं असतं.

आता मूळ गोष्टीकडे. क्वेचुआ हे नाव जमिनीचं आणि ते कोशकारांनी पक्कं केलं. बोलणारे आपल्या भाषेला काय म्हणतात? रुना सिमी. रुना म्हणजे माणूस, सिमी म्हणजे तोंड, आणि त्यावरून बोली. माणसाचं तोंड, माणसाची बोली. भाषेला तोंडावरून किंवा जिभेवरून नाव देणं आपल्याला ओळखीचं आहे. ‘जबान’ हा फारसी शब्द तसाच. पण मला धरून ठेवतो तो रुना. खोऱ्यातले नाही, डोंगरातले नाही, पूर्वेचे नाही. माणसं.

महाराष्ट्रात हेच दोनदा सापडतं. मेळघाटातले कोरकू मुंडा कुळातली भाषा बोलतात. तिचे नातलग, संताळी आणि मुंडारी, दूर झारखंडाकडे. इकडे चहूबाजूंनी मराठी, हिंदी आणि गोंडी. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. या एका बाबतीत बाहेरच्यांनी त्यांचंच नाव उचललं, फक्त त्याचा अर्थ कधी विचारला नाही. गोंडांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. नागपुरात राहून गोंडांचा अभ्यास केलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी ‘गोंड’ हा शब्द तेलुगू ‘कोंड’ म्हणजे डोंगर याच्याशी जोडला; त्यांचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाले. कनिंगहॅम यांनी गौड देशाशी नातं लावलं. वाद आहे, पण दोन्ही बाजूंना नाव बाहेरचंच आहे. गोंड स्वतःला कोयतूर म्हणतात. अर्थ तोच: माणसं.

खालून बघणारा म्हणतो डोंगर. वरचा म्हणतो माणूस.

करमाडचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं ते ८ मे २०२० रोजी. टाळेबंदी होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले मजूर गावाकडे जायला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून पायी निघाले होते. बदनापूर आणि करमाडच्या मध्ये थकून रुळांवरच टेकले, झोप लागली. पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांत गोंड होते. बातम्यांत शब्द आला ‘परप्रांतीय मजूर’, काही ठिकाणी ‘स्थलांतरित’. दोन्ही शब्द मराठीत बरोबरच आहेत, आणि दोन्हींत फक्त जागा आहे: दुसऱ्या प्रांतातले, जागा सोडून आलेले. सोळा माणसांना शेवटच्या दिवशीही प्रांताचंच नाव मिळालं. मला हे अजून सलतं.

पेरूमध्ये १९८० ते २००० या वीस वर्षांच्या हिंसेत किती बळी गेले याचा अहवाल सत्य आयोगाने २००३ साली दिला. आकडा सुमारे ६९,००० निघाला, आणि मेलेल्या व नाहीशा झालेल्यांपैकी चारात तीन जणांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी मूळनिवासी भाषा होती. लिमेला ही संख्या इतकी मोठी आहे याचा अंदाजच नव्हता. मरणारे सेर्रानो होते, डोंगरातले होते, आणि डोंगर राजधानीतून दिसत नाही.

सरकारांनी नावं बदलून पाहिली आहेत. जनरल वेलास्को यांच्या सरकारने २४ जून १९६९ रोजी ‘इंडियन’ हा शब्द काढून ‘काम्पेसिनो’, म्हणजे शेतकरी, असा आणला. त्या दिवसाचं नावही ‘शेतकरी दिन’ झालं. १९७५ साली क्वेचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला. आपल्याकडे गिरिजन आला, त्यात पुन्हा डोंगर. वनवासी आला, त्यात रान. ‘आदिवासी’ हा शब्द मात्र त्या लोकांनी स्वतः उचलला. १९३८ साली छोटा नागपुरात ‘आदिवासी महासभा’ उभी राहिली ती याच नावाने. शब्द संस्कृत आणि घडवलेला आहे, पण तो वापरणाऱ्यांनी आपलासा केला, आणि म्हणून तो टिकला. मावळे हा शब्द टिकला त्याच कारणाने.

क्वेचुआतून मराठीत काय आलं, असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर कोयनेल. हिवतापावरचं कडू औषध. ‘किना’ हा अँडीजमधला सालीचा शब्द. स्पॅनिशांनी तो घेतला, फ्रान्समध्ये १८२० साली पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सालीतून औषधी द्रव्य वेगळं काढून त्याला त्यावरूनच नाव दिलं, आणि इंग्रजीतून येताना मराठी जिभेने त्याला गोलाई देऊन कोयनेल केलं. ‘साखरेत घोळलेली कोयनेलची गोळी’ हा वाक्प्रचार वापरताना आपण इंका मुलखातला शब्द बोलत असतो. या वाटेवरचा एक माणूस विसरण्यासारखा नाही. क्लेमेंट्स मार्कम १८६० साली अँडीजमधून त्या सालीच्या झाडाची, सिंकोनाची, रोपं आणि बी घेऊन आला आणि निलगिरीत त्यांची लागवड झाली. त्याच मार्कमने १८६४ साली क्वेचुआचं व्याकरण आणि कोश छापला. झाडाची साल आणि त्या सालीचं नाव ज्यांच्याकडून घेतलं त्यांची भाषाही शिकून घ्यावी, एवढं भान त्याला होतं. तिथल्या देशांनी बी बाहेर न्यायला केलेल्या विरोधाची मात्र त्याने पर्वा केली नाही. बटाटाही अँडीजचाच, पण त्याने डोंगरातलं नाव वाटेत टाकलं. क्वेचुआत तो ‘पापा’. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांचा शब्द कॅरिबियन बेटांवरचा, रताळ्याचा.

शब्दांची देवाणघेवाण ही झाली वरवरची गोष्ट. मराठी आणि क्वेचुआ यांच्यात त्याहून खोलवरचं एक साम्य आहे, आणि ते कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही निघतो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहिला. ‘आपण निघू’ म्हटलं की तोही निघाला. हिंदीत दोन्हींना ‘हम’. तेलुगूत मेमु आणि मनमु असा भेद आहे, आणि मराठीत तो द्राविडी शेजारामुळे रुजला असं भाषाभ्यासक सांगतात. क्वेचुआत ‘न्योकाय्कु’ म्हणजे आम्ही, ‘न्योकांचिक’ म्हणजे आपण. दोमिंगो दे सांतो तोमास यांनी १५६० च्या व्याकरणात हा फरक नीट नोंदवला आहे, कारण प्रार्थना भाषांतरित करताना तो टाळताच येत नव्हता. देवाला बाप म्हणायचं तर कुणाचा बाप? ऐकणारा देवच आहे. ‘आपला बाप’ म्हटलं तर देवही लेकरांत मोजला जाईल. म्हणून क्वेचुआ प्रार्थनेत ‘यायाय्कु’, आमचा बाप, असं रूप पक्कं झालं. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतही पित्याला ‘आमच्या’ अशीच हाक आहे.

आपण हा शब्द मूळ ‘आत्मन्’चा, प्राकृतात ‘अप्पण’. स्वतः या अर्थाचा शब्द आधी ‘तुम्ही-आम्ही मिळून सगळे’ झाला आणि मग आदरार्थी ‘तुम्ही’ही झाला. अनोळखी माणसाला ‘आपण कुठले?’ असं विचारतो तेव्हा त्याला आदराने जो शब्द देतो तो त्याला आपल्यात धरणाराच शब्द असतो. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत शहडोलकडची, बिहारकडची, झारखंडकडची पोरं कामाला आहेत. शहडोलकडे गोंडी बरीच मागे पडली, घरात हिंदीच्या बोली आल्या. झारखंडातून येणाऱ्या काही जणांच्या घरी अजून मुंडारी किंवा संताळी असते आणि त्या भाषांत आम्ही-आपणचा भेद आहे. इथे आल्यावर सगळे आधी हिंदीवर भागवतात, मग मराठी शिकतात. शिकताना ‘हम’चं भाषांतर ठरलेलं: आम्ही. जेवणाची सुट्टी झाली की त्यांतला एखादा डबा उचलून शेजारच्या मराठी सोबत्याला म्हणतो, ‘चल, आम्ही जेवू.’ सोबती त्याला ‘आपण म्हण’ असं सांगतो आणि उठतो.